मधली पस्तीस वर्षे : जुन्या मोटारी आणि कायदा

जुन्या मोटारींविषयी या महिन्यात आलेली पत्रे वाचताना एक बदल जाणवला. पूर्वी वाचक गॅस्केट, गिअर आणि डायनामोबद्दल विचारत असत. आता बहुतेक प्रश्न कागदपत्रांचे असतात. त्याला कारण आहे. आपला मोटार वाहन कायदा गाडीला पहिली पंधरा वर्षे नीट ओळखतो आणि २०२१ पासून पन्नाशी ओलांडलेल्या गाडीलाही ओळखू लागला आहे. मधल्या पस्तीस वर्षांत मात्र ती केवळ ‘जुनी’ असते. या पस्तीस वर्षांत जी गाडी भंगारात गेली नाही तीच पुढे व्हिंटेज म्हणवणार, हे उघड असूनही नियमांत त्या काळाला नाव नाही. या वेळच्या प्रश्नांपैकी बरेचसे या ना त्या वाटेने तिथेच येऊन पोहोचतात.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या पडवीत आजोबांची १९६८ ची फियाट अकराशे उभी आहे. आरसी बुक त्यांच्याच नावावर आहे. ते १९९९ मध्ये वारले, वडील २०१६ मध्ये. गाडी २००३ पासून जागची हललेली नाही. तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येईल का, आणि तसे केल्यास तिचा जुना नंबर जाईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी नंबराविषयी सांगतो, कारण पत्राचा सूर पाहता आपली खरी काळजी तीच दिसते. नंबर जात नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी ८१-ए पासून ८१-जी पर्यंतचे नियम घातले. ज्या गाडीची भारतात आधीच नोंद आहे तिला या नियमांनुसार आपला मूळ नंबर कायम ठेवता येतो. ज्यांची नोंद नव्याने होते, त्यांना राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला नंबर मिळतो. आपल्या गाडीवर तो लागण्याचे कारण नाही.

पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी म्हणजे व्हिंटेज वाहन, अशी या नियमांतली व्याख्या आहे. अर्ज ‘परिवहन’ पोर्टलवरून नमुना २० मध्ये करायचा असतो. सोबत विमा, शुल्क आणि जुने आरसी बुक लागते. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते आणि सारे ठीक असेल तर ६० दिवसांत नमुना २३-ए मधले प्रमाणपत्र मिळावे, असे नियम म्हणतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षे चालते आणि त्यापुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात.

परंतु आपल्या बाबतीत हा सगळा दुसरा टप्पा झाला. पहिला टप्पा वारसाचा आहे, आणि बहुतेक वाड्यांतल्या गाड्या तिथेच अडकतात. मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे; आपल्याकडे दोन मृत्यू झाले आहेत आणि दोन्ही मुदती कधीच उलटून गेल्या आहेत. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, दंड मात्र भरावा लागतो. आजोबांच्या पश्चात केवळ आपले वडील नव्हे, तर आत्या आणि काका हेही वारस ठरतात, याचा पुष्कळांना विसर पडतो. त्यांची किंवा त्यांच्या मुलांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे आधी गोळा करावीत. गाडी धुऊन-पुसून चमकू लागल्यावर ना-हरकत मिळणे कठीण होते, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर संगणकाचा प्रश्न येतो. १९६८ ची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात असते आणि ती ‘वाहन’ प्रणालीत चढलेली नसेल तर पोर्टलला आपली गाडी सापडतच नाही. अशा वेळी आरटीओत मूळ आरसी बुक दाखवून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. इथे अक्षर न् अक्षर जुळावे लागते. माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी बुकातल्या चॅसिस नंबरमधला एक आकडा कारकुनाला आठ वाटत होता आणि मला तीन. शेवटी बॉनेट उघडून, इंजिनामागच्या पत्र्यावरचे तीस वर्षांचे तेल आणि माती रॉकेलच्या बोळ्याने काढली, त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली, तेव्हा तो तीन निघाला. आपणही कार्यालयात पाऊल टाकण्यापूर्वी असा ठसा घरीच घेऊन ठेवावा. मात्र नंबर नीट दिसत नाही म्हणून तो छिन्नीने पुन्हा ठोकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये; ठोकलेला नंबर चोरीच्या गाडीचा समजला जातो आणि त्यातून सुटका होणे अवघड जाते.

आता शेवटची गोष्ट, जी कोणी आधी सांगत नाही. व्हिंटेज नोंद झालेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, दुरुस्ती आणि या कामांसाठीची ये-जा, एवढ्यापुरतीच मोकळीक आहे. रविवारी सहकुटुंब वाईच्या गणपतीला जाणे त्यात बसत नाही. व्हिंटेज नोंदीची सारी रचना मालकाच्या अर्जावर उभी आहे. अर्ज न करता नेहमीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहण्याची वाटही आहे, मात्र ती खर्चिक आहे आणि तिथे फिटनेस दर वेळी सिद्ध करावा लागतो. गाडीतून फिरायचे आहे की गाडी जपायची आहे, याचा निर्णय घरात बसून घ्यावा आणि मगच अर्ज करावा. माझे मत विचाराल तर वीस वर्षांहून अधिक काळ उभ्या असलेल्या गाडीला प्रथम चालती करावी; ती चालू लागल्यावर निर्णय आपोआप सोपा होतो.

प्रश्न : माझ्याकडे १९८७ ची प्रीमिअर पद्मिनी आहे. पंधरा वर्षांवरची गाडी सरकार भंगारात काढते, असे सोसायटीतले सगळे सांगतात. एका दलालाने तर ‘आत्ता दिलीत तर काही हातात पडेल’ असा निरोप पाठवला आहे. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दलालाला चहा पाजून परत पाठवावे. २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणाविषयी जेवढा गैरसमज पसरला आहे तेवढा क्वचितच एखाद्या धोरणाविषयी पसरला असेल. खाजगी गाडीसाठी त्या धोरणात वयाची अट नाही. गाडी फिटनेस चाचणीत नापास झाली किंवा तिच्या नोंदणीचे नूतनीकरणच झाले नाही, तर ती आयुष्य संपलेली समजली जाते. पंधरा वर्षांनी सक्तीने निवृत्त होतात त्या सरकारी गाड्या, आणि तो नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. आपल्या पद्मिनीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवता येते, आणि पाचव्या वेळीही ती तितक्याच कायदेशीरपणे वाढते.

हा गैरसमज दोन शहरांतून आला आहे. दिल्ली आणि आसपासच्या भागात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दहा वर्षांवरचे डिझेल आणि पंधरा वर्षांवरचे पेट्रोल ही रेषा कायम केली. ऑगस्ट २०२५ पासून त्या आदेशात फेरफार होत आहेत, पण तो आदेश राजधानी परिसरापुरता आहे; कल्याण-डोंबिवलीला तो लागू नाही. दुसरे शहर म्हणजे आपली मुंबई. तिथे टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. वर्तमानपत्रांनी ‘पद्मिनी इतिहासजमा’ असे मथळे दिले, आणि लोकांनी ते खाजगी गाड्यांनाही लावून घेतले.

मात्र कायदा आपल्या गाडीला हात लावत नाही याचा अर्थ तो तिला जगू देतो असा होत नाही, कारण तो तिच्या मालकाचा खिसा हळूहळू हलका करत असतो. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. परदेशी बनावटीच्या मोटारीसाठी तर ८०,००० रुपये. त्यात राज्याचा पर्यावरण कर वेगळा, आणि मुदत चुकली तर दर महिन्याला ५०० रुपये उशिराचे. आता ही विसंगती पाहा. पन्नाशी ओलांडलेल्या व्हिंटेज गाडीला एकदा नोंद झाल्यावर पुढच्या दहा वर्षांसाठी ५,००० रुपये पुरतात, आणि जिला अजून तिथवर पोहोचायचे आहे त्या गाडीला पाच वर्षांसाठीच १०,००० मोजावे लागतात. म्हातारपणी पेन्शन देऊ, पण तोवर पगारातून दंड कापत राहू, असा हा हिशेब आहे. वापर कमी असलेल्या आणि चांगल्या स्थितीतल्या तिशी-चाळिशीच्या गाड्यांना वेगळा वर्ग दिला असता तर प्रदूषणात नजरेत भरण्यासारखी भर पडली नसती. जर्मनीत ३० वर्षांच्या जपलेल्या गाडीला १९९७ पासून वेगळी पाटी मिळते.

आपण एवढेच करावे : आरसीवरची मुदत तपासावी, ती संपण्याच्या साठ दिवस आधी कामाला लागावे, आणि पद्मिनीचे सुटे भाग आत्ताच घेऊन ठेवावेत. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात गेलेली गाडी दाबून चपटी केली जाते. कुर्ल्याच्या बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पूर्वी एका मेलेल्या पद्मिनीच्या दारांवर, काचांवर आणि मीटरवर चार गाड्या जगत. तो झरा यापुढे आटत जाणार.

प्रश्न : आमच्याकडे १९६२ ची विलीज जीप आहे. शेतीच्या दिवसांत वडिलांनी तिचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. आरसीवर अजून पेट्रोलच आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंद होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या स्थितीत होणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या निम्म्या जुन्या जीपांची हीच कथा आहे, आणि त्या काळात डिझेल स्वस्त असताना वडिलांनी केले ते व्यवहाराला धरूनच होते; परंतु व्हिंटेजच्या व्याख्येत इंजिन बदललेले चालत नाही. शिवाय आपला दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीवाचून गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी सर्वप्रथम याच विसंगतीवर बोट ठेवते.

मूळ बनावटीचे पेट्रोल इंजिन शोधून बसवणे हा एकच प्रामाणिक उपाय आहे. त्यावरचा क्रमांक आरसीवरच्या इंजिन क्रमांकाशी जुळणार नाही, म्हणून खरेदीची पावती ठेवून तो बदल आरटीओत नोंदवून घ्यावा लागेल, आणि ‘मोठा फेरबदल’ म्हणजे नेमके काय हे ठरवताना समिती त्याच प्रकारच्या इंजिनाकडे कशी पाहते यावर पुढचे अवलंबून राहील. काढलेले जुने इंजिन वडिलांनी शेडच्या कोपऱ्यात कुठे टाकले असेल तर आधी तिथे पाहावे. लोखंडाच्या भावाने विकले गेले नसेल तर ते आजमितीला जीपइतकेच मोलाचे आहे.

प्रश्न : माझी १९७४ ची अ‍ॅम्बेसेडर दोन वर्षांपूर्वीपर्यंत पहिल्या सेल्फला सुरू होत असे. आता महिनाभर उभी राहिली की सुरू होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो. मेकॅनिक ‘इथेनॉलमुळे’ म्हणतो. यावर कायद्याने काही पर्याय आहे का? आणि पीयूसीत ती पास होते, मग इंजिन गरम का होते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, आपला मेकॅनिक बरोबर सांगतो आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे सुटे भाग त्याला टिकतील असे आहेत, आपल्या गाडीचे नाहीत. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा कायद्याच्या बाजूने तूर्त वाट नाही. पाना घेऊनच वाट काढावी लागेल.

पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्ब्युरेटरकडे जाणारी रबरी नळी आणि बुचाचे गॅस्केट हे तीन भाग प्रथम पाहावेत. नळी काढून दोन बोटांत दाबून पाहा. ती ओल्या बुंदीसारखी मऊ लागली किंवा बोटांना काळे लागले, तर वास तिथूनच येतो आहे आणि ती आजच बदलावी, कारण खाली तापलेले इंजिन असते. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांसाठी मिळतात, त्या मापात आणून बसवता येतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसते. नागपूरच्या पावसाळ्यात तर हमखास. म्हणून उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी ठेवू नये : एक तर काठोकाठ भरावी, नाही तर पूर्ण रिकामी करावी.

पीयूसीचा प्रश्न अधिक मार्मिक आहे. आपल्या गाडीसारख्या, भारत स्टेजच्या (गाडीच्या धुरासाठी सरकारने ठरवलेल्या मानकांच्या) आधीच्या पेट्रोल मोटारीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची दहा लाखांत १,५०० भाग आहे, आणि प्रमाणपत्र सहा महिने चालते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, तेवढेच इंधन गेले तरी इंधन-हवेचे मिश्रण पातळ होते. मिश्रण पातळ झाले की यंत्रावरचा मोनॉक्साइडचा आकडा खाली येतो, केंद्रावरचा मुलगा हसत प्रमाणपत्र देतो, आणि त्याच पातळ मिश्रणामुळे इंजिन तापते. कागदावर गाडी पूर्वीपेक्षा निरोगी असते. मुख्य जेट एक माप मोठा घालून, यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये ठेवूनच मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आकडा दोन ते अडीचच्या दरम्यान आणावा. मर्यादाही पाळली जाते आणि इंजिनही शांत होते.

जाता जाता आणखी एक. अ‍ॅम्बेसेडरचे जुने इंजिन शिशाच्या पेट्रोलवर वाढलेले आहे. त्याच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक त्या बिडातच कापलेली असते आणि शिसे तिला वंगण पुरवत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ते उत्तमच झाले, पण तेव्हापासून या बैठका खचत आल्या आहेत. टॅपेटचे अंतर वारंवार कमी होत असेल तर पुढच्या वेळी हेड उघडल्यावर कठीण पोलादाच्या कड्या बसवून घ्याव्यात. फियाटवाल्यांना ही चिंता नाही. त्यांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कड्या मुळातच असतात.

प्रश्न : माझ्या १९६४ च्या गाडीत कारखान्यानेच सीट बेल्ट दिलेले नाहीत. दोनदा दंडाची पावती फाडली गेली. बेल्ट बसवावेत तर मूळ स्वरूप बिघडते, अशी अडचण आहे.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ (३) हा नियम बेल्ट लावण्याची सक्ती करतो ती नियमानुसार बेल्ट दिलेल्या गाडीतच. आपल्या गाडीत ते दिले गेलेच नव्हते, तेव्हा दंडाला आधार नाही. नियमाची एक प्रत आणि आरसीची प्रत गाडीत ठेवावी आणि अधिकाऱ्याला आवाज न चढवता दाखवावी. तरीही, खाजगीत सांगायचे तर, मी माझ्या गाडीत पुढच्या दोन सीटना कमरेचे साधे पट्टे बसवले आहेत, तेही सीटच्या मूळ बोल्टांतूनच, एकही नवे भोक न पाडता. समितीला दाखवताना ते दहा मिनिटांत निघतात.

प्रश्न : विमा कंपनी माझ्या १९६० च्या गाडीची किंमत ३०,००० रुपये धरते. तिच्या दुरुस्तीवरच चार लाख खर्च झाले आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाड्यांची विमा किंमत कोष्टकातून काढायची नसून कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची असते. आपण मूल्यांकनकाराचा अहवाल, दुरुस्तीच्या पावत्या आणि चारही बाजूंचे फोटो देऊन ठरावीक किमतीची मागणी लेखी करावी. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या संगणकात तो रकाना भरलेलाच येतो, म्हणून तोंडी मागणीला अर्थ नाही. गाडीची नोंद व्हिंटेज म्हणून झाली तर तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात ५० टक्के सवलतही मिळते. २०२२ च्या दरपत्रकात तशी तरतूद आहे.

प्रश्न : वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली १९३८ ची मोटार विकण्याचा विचार आहे. मोटार ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने नफ्यावर आयकर लागत नाही, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे महाग पडू शकते. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरल्या जात नाहीत, म्हणून आपली रोजची गाडी विकून नफा झाला तरी त्यावर कर नसतो. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेला एक निकाल आपण वाचायलाच हवा. त्या प्रकरणात १९३१ ची फोर्ड टूरर १९८३ मध्ये २०,००० रुपयांना घेतली गेली होती आणि पुढे २१ लाखांना विकली गेली. मालकाचे म्हणणे आपल्यासारखेच होते. न्यायालयाने ते मानले नाही. गाडी वैयक्तिक वापरासाठी वापरता येण्यासारखी आहे एवढे पुरेसे नाही, ती तशी वापरली गेल्याचा पुरावा हवा, असे सांगून नफा करपात्र ठरवला.

आता इथे हौशी माणसाची जी कोंडी होते ती लक्षात घ्यावी. परिवहन खाते म्हणते की व्हिंटेज गाडी नियमित वापरू नका, आणि आयकर खाते म्हणते की वापरल्याचा पुरावा दाखवा. दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर आहेत, मधे उभा असलेला मालक मात्र चुकतो. वडिलांच्या काळातली पेट्रोलची बिले, विम्याच्या पावत्या, लग्नाच्या वरातीतले किंवा सहलीचे फोटो, मुलांना शाळेत सोडतानाचा एखादा फोटो, जे मिळेल ते गोळा करून व्यवहारापूर्वी सनदी लेखापालाला दाखवावे. व्हिंटेज नोंद असेल तर विक्रीची माहिती दोघांनीही आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला ९० दिवसांत द्यायची असते. परदेशी गिऱ्हाइकाच्या मोठ्या आकड्याला भुलू नये : १९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे भाग देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजोबांनी मला त्यांची १९९६ ची मारुती ८०० देण्याचे कबूल केले आहे. ती व्हिंटेज कधी होईल? मित्र हसतात.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : २०४६ मध्ये. त्या वेळी तुझे वय माझ्या आजच्या वयापेक्षा बरेच कमी असेल, तेव्हा हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे ‘फिवा’च्या व्याख्येत ३० वर्षांची, मूळ स्थितीत जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक ठरते, त्या हिशेबाने आजोबांची मारुती २०२६ मध्येच तिथे पोहोचते. आपल्या नियमांना अजून वीस वर्षे हवी आहेत.

नोंदणी वेळच्या वेळी वाढवली गेली असेल तर तिची मुदत २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये वाढली असणार. यापुढे २०२६, २०३१, २०३६ आणि २०४१ अशी चार नूतनीकरणे तुला करायची आहेत, आणि आजच्या दराने त्यांचे ४०,००० रुपये होतात. दर तेवढेच राहतील असे मात्र धरून चालू नकोस. गाडीचे रंगकाम करावेसे वाटले तर मूळ रंगच दे. मोठी चाके, वेगळे इंजिन, कापलेले छत यांच्या वाटेला जाऊ नकोस. आज ते भारी दिसेल आणि २०४६ मध्ये समितीपुढे तेच नडेल. आजोबांकडून किल्लीबरोबर खरेदीचे मूळ बिल, सर्व्हिस बुक, पहिल्या नंबरप्लेटचा फोटो आणि आजवरच्या कराच्या पावत्याही मागून घे, आणि आजोबा हयात आहेत तोवरच गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या नमुना २९ आणि ३० वर त्यांची सही घेऊन ठेव. तुझे वय अठरा झाले की त्याच आठवड्यात गाडी नावावर करून घे, म्हणजे सातारच्या वाचकांसारखी आत्या-काकांची दारे ठोठावण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही.